घातांक माडीवर, आम्ही ओसरीवर

‘लॉग शिकून आयुष्यात काय उपयोग झाला हो?’ असं विचारणाऱ्या सभ्य गृहस्थांशी माझं भांडण आहे. हे गृहस्थ सर्वत्र आढळतात. लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, सोसायटीच्या वार्षिक सभेत. ‘आमचं गणित आधीपासूनच कच्चं,’ हे वाक्य ते ज्या अभिमानानं उच्चारतात, त्या अभिमानानं ‘मला वाचता येत नाही’ असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आणि गंमत म्हणजे ह्याच गृहस्थांनी वीस वर्षांचं घरकर्ज काढलेलं असतं, मुलीच्या नावानं ठेव ठेवलेली असते आणि मेहुण्याच्या सांगण्यावरून कुठल्या तरी ‘स्कीम’मध्ये पन्नास हजार गुंतवलेले असतात. म्हणजे लॉगनं ह्यांना तीन ठिकाणी धरलेलं आहे, फक्त ह्यांना त्याचा पत्ता नाही.

मी स्वतः बी.कॉम. व्यवसायानं बँकेत कारकून. (अलीकडे आमच्या जातीला ‘ग्राहक सेवा सहयोगी’ असं नाव मिळालं आहे. खुर्ची तीच आहे.) मुक्काम शिरड शहापूर, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. आता बी.कॉम. माणसानं लॉगवर बोलावं हे सायन्सवाल्यांना आवडत नाही. अकरावीला त्यांच्या काखेत क्लार्कचं टेबल असे, आणि ते असं मिरवत की जणू काही त्यात रॉकेटचा नकाशा आहे. माझं म्हणणं उलट आहे. लॉग ही कॉमर्सवाल्यांची वडिलोपार्जित मिळकत आहे. सायन्सवाले कूळ म्हणून आले आणि मालक होऊन बसले. जिथं चक्रवाढ व्याज आहे, तिथं वर्षांची संख्या डोक्यावर घातांक होऊन बसते, आणि ती खाली उतरवायला लॉगवाचून दुसरा जिना नाही.

पण हे शाळेत कुणी सांगतं का? शाळेत काय सांगतात ते बघा. दोनाचा क्ष घात बरोबर बत्तीस, तर क्ष किती? पोरं म्हणतात पाच. शाबास. चाराचा क्ष घात बरोबर आठ? दोन्हीकडे पाया दोन करा, दोन क्ष बरोबर तीन, क्ष बरोबर दीड. पुन्हा शाबास. पुस्तकातलं प्रत्येक समीकरण असं शहाण्यासारखं वागतं. उत्तर पाच येतं, दीड येतं, फारच बंडखोर असेल तर उणे दोन येतं. सगळा धडा संपेपर्यंत पोराची समजूत होते की जगातल्या सगळ्या आकड्यांचे पाये आधीच सारखे करून ठेवलेले आहेत. मग एक दिवस विचारा, दोनाचा क्ष घात बरोबर दहा, तर क्ष किती? पोरगं पाया शोधत बसतं. दहा म्हणजे दोनाचा कुठलाच सरळ घात नव्हे. तीन घेतले तर आठ, चार घेतले तर सोळा. उत्तर मध्येच कुठेतरी लपलेलं.

इथं लॉग लागतो. दोन्ही बाजूंचा लॉग घ्यायचा, की माडीवर बसलेला घातांक जिना उतरून ओसरीवर येतो आणि साध्या गुणाकारात आपल्या शेजारी बसतो. क्ष गुणिले लॉग दोन बरोबर लॉग दहा. लॉग दोन म्हणजे 0.3010, लॉग दहा म्हणजे 1. भागा. क्ष 3.32. एवढंच आहे ते. पण शाळेनं ह्या जिन्यावर कॅरॅक्टरिस्टिक आणि मँटिसा असे दोन पहारेकरी उभे केले, वर ‘बार दोन’, ‘बार तीन’ अशी चिन्हं दिली (मास्तरांच्या देखत बारचं नाव घ्यायची तेवढी एकच परवानगी), आणि शेवटी अँटिलॉग नावाचा खलनायक आणला. मराठीत नाव तरी बरं द्यावं, तर ‘लघुगणक’. हे ऐकून मला नेहमी वाटतं, हा लघुलेखकाच्या शेजारच्या टेबलावर बसणारा, त्याच्यापेक्षा कमी पगाराचा कोणीतरी असणार.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, हे शेवटच्या पानापर्यंत सांगायचं नाही! माझा राग आहे तो ह्यावर. पोहायला शिकवताना विहीर कशी बांधतात ते सांगायचं आणि पाण्याचा विषयच काढायचा नाही, अशातला हा प्रकार.

पाणी कुठं आहे ते आमच्या काउंटरवर दिसतं. हळदीचे पैसे घेऊन एक मामा आले. चौथीनंतर शाळा सुटलेली. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. साडेतीनचा पाढा म्हणणारा माणूस मी प्रत्यक्ष पाहिला तो हाच. म्हणाले, ‘सायेब, किसान विकासपत्रात एकशे पंधरा म्हैन्यात पैसे दुप्पट म्हंतेत. शंभर का न्हाई? सव्वाशे का न्हाई? ह्यो पंधरा कुठून आला?’

माझा सहकारी म्हणाला, ‘मामा, ते वरून आलंय.’

‘वरून पाऊस येतो,’ मामा म्हणाले. ‘आकडा कुनीतरी मांडावा लागतो.’

पदवीधर ग्राहकांपैकी एकानंही मला हा प्रश्न विचारलेला नाही. मी पैसे काढायची एक स्लिप उलटी केली आणि मांडलं. 1 एप्रिल 2023 पासून विकासपत्राचा दर साडेसात टक्के. म्हणजे दरवर्षी एका रुपयाचा एक रुपया साडेसात पैसे, 1.075. किती वर्षं असं गुणत गेलं की दोन होतील? लॉग दोन भागिले लॉग 1.075. म्हणजे 0.3010 भागिले 0.0314. उत्तर 9.58 वर्षं. बारानं गुणा. एकशे पंधरा. वरून काही आलेलं नाही, सगळं कोष्टकातून आलंय.

मामांनी स्लिप घडी करून टोपीत ठेवली. मला मात्र चटक लागली. ही पत्रं पहिल्यांदा निघाली 1988 साली, तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट होत. तर तेव्हा दर काय असेल? उलटं चालायचं: 0.3010 भागिले साडेपाच, 0.0547, त्याचा अँटिलॉग 1.134. म्हणजे तेरा टक्क्यांच्याही वर! (खलनायकसुद्धा कधीकधी उपयोगी पडतो.) मध्यंतरी 2011 साली ही पत्रं बंद झाली, 2014 साली पुन्हा आली तेव्हा मुदत शंभर महिने होती. शंभर हा कुणाला गोल दिसावा म्हणून निवडलेला आकडा वाटेल, पण दर 8.7 टक्के घालून बघा, 99.7 महिने येतात. ज्यांना लॉग नको त्यांच्यासाठी बहात्तरचा आडाखा आहे. बहात्तरला दरानं भागायचं, दुप्पट व्हायची वर्षं मिळतात. साडेसातानं भागा, 9.6. इटलीच्या लुका पाचोलीनं 1494 साली छापलेल्या ग्रंथात हा आडाखा दिला. कारण मात्र दिलं नाही. आमच्या हेड ऑफिसची परिपत्रकं ह्याच परंपरेतली.

आता ‘स्कीम’कडे वळतो. ‘वर्षात दुप्पट’ असं म्हणणारा इसम गावोगावी येतो. वर्षात दुप्पट म्हणजे महिन्याला किती? दोनाचं बारावं मूळ, 1.0595, महिन्याला जवळजवळ सहा टक्के. जाता जाता सांगतो, पेटीवर एका सा पासून वरच्या सा पर्यंत बारा पायऱ्या असतात आणि वरच्या सा ची कंपनं बरोबर दुप्पट. सारख्या पायऱ्यांच्या पेटीत प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या 1.0595 पट. म्हणजे ह्या इसमाच्या स्कीममध्ये तुमचा पैसा दर महिन्याला एकेक पट्टी चढतो. सूर लागतो तोपर्यंत छान वाटतं. भाता थांबला की पेटी मुकी.

आणखी धीट इसम शंभर दिवसांत दुप्पट म्हणतो. त्याच्यासाठी कोष्टकसुद्धा नको. तीन वर्षांत 1095 दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वेळा दुप्पट. अकरा वेळा दुप्पट म्हणजे 2048 पट. थोडं कमी धरा. दहा हजारांचे तीन वर्षांत दोन कोटींच्या आसपास. ज्याला ही विद्या येते तो स्वतःचे दहा हजार लावून घरी झोपणार नाही का? तुमच्या दहा हजारांसाठी उन्हात मोटारसायकल घेऊन शिरड शहापूरला कशाला येईल? महाराष्ट्रानं ठेवीदारांच्या रक्षणाचा कायदा 1999 साली केला, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा 2019 साली झाला. पण कायदा पैसे बुडाल्यावर धावतो. 2048 हा आकडा पैसे देण्याआधी मांडता येतो.

ह्या टप्प्यावर कुणीतरी मला सांगतं, हे सगळं साहेबाचं गणित, आपल्या मातीतलं नव्हे. अहो, आमच्या ह्याच गावात मल्लिनाथाचं दिगंबर जैन मंदिर आहे, लांबून लांबून यात्रेकरू येतात. त्याच दिगंबर परंपरेतल्या वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या अमदानीत, षट्खंडागमावर ‘धवला’ नावाची टीका लिहिली. तिच्यात ‘अर्धच्छेद’ आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. बत्तीसचा अर्धच्छेद पाच. म्हणजे दोन पायाचा लॉगच की! तीनानं छेदलं तर त्रिकच्छेद, चारानं छेदलं तर चतुर्थच्छेद. गुणाकाराचा अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, हेही त्यांना ठाऊक होतं. मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपून ठेवलेला हा ग्रंथ हिरालाल जैन यांनी 1939 पासून थेट आमच्या शेजारच्या विदर्भातून, अमरावतीहून, छापून बाहेर काढला. ‘अर्धच्छेद’ हा किती चोख शब्द! नाव घेताच अर्थ कळतो. आणि आम्ही पोरांना ‘लघुगणक’ दिला.

मात्र ह्यावरून छाती फुगवणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. अर्धच्छेद होता, पण 1.075 चा लॉग काढून देणारं कोष्टक काही आपण केलं नाही. ते काम स्कॉटलंडच्या नेपियरनं वीस वर्षं खपून केलं आणि 1614 साली छापलं. लंडनचा प्राध्यापक ब्रिग्ज ते पाहून इतका हरखला की प्रवास करून त्याला भेटायला एडिंबरोला गेला, आणि पुढे दहा पायाची कोष्टकं त्यानं केली. मान द्यायचा तर दोघांनाही द्यावा, आणि मुख्य म्हणजे वापरावं.

‘आता सगळं संगणक करतो,’ हा शेवटचा आक्षेप. करतो ना, माझ्यासमोरच करतो. पण संगणकाला जे विचारावं तेवढंच तो सांगतो, आणि मोबाईलवर कर्ज देणारा ॲप फक्त हप्ता मोठ्या अक्षरात दाखवतो. सावकाराकडे तर संगणकच नाही. तिथे ‘द.सा.द.शे.’मधलं ‘द.सा.’ गळून पडतं आणि उरतं ते ‘शेकडा तीन’. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, हे न सांगता समजायचं. व्याज सरळ असेल तर मुद्दल दुप्पट व्हायला तेहतीस महिने आणि दहा दिवस. व्याजावर व्याज चढत गेलं तर साडेतेवीस महिनेच. आपल्या जुन्या लोकांनी म्हणून दामदुपटीचा नियम केला, मुद्दलाइतकं व्याज चढलं की थांब. सावकारानं त्यावर तोड काढली: जुना कागद फाडायचा, व्याज मुद्दलात घालून नवा कागद करायचा, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली, त्या कागदांत लॉग कुणी लिहिलेला नव्हता, पण होता.

कर्ज फिटायला किती हप्ते, हाही घातांकाचाच प्रश्न. लाख रुपये शेकडा तीननं घेतले आणि महिन्याला चार हजार भरले, तर 47 महिने लागतात. साडेतीन हजार भरले तर 66. पाचशे रुपये वाचवायला गेलं की एकोणीस महिने वाढतात. हे कुणाच्या मनाला पटत नाही, मांडून दाखवलं तरच पटतं. रीत अशी: एका महिन्याचं व्याज भागिले हप्ता, ते एकातून वजा करायचं, उरेल त्याचा लॉग घ्यायचा, त्याला 1.03 च्या लॉगनं भागायचं, उणे चिन्ह सोडून द्यायचं. साडेतीन हजारांच्या हप्त्याला एकातून सहा सप्तमांश जातात, एक सप्तमांश उरतो. चार हजारांना पाव उरतो. हप्ता खाली आणत आणत तीन हजारांवर आणा, एकातून एक जातो आणि उरतं शून्य. शून्याचा लॉग क्लार्कच्या टेबलात नाही, नेपियरच्या नाही, कुठेच नाही.

तेव्हा माझी पाठ्यपुस्तक मंडळाकडे एकच मागणी आहे. नववीच्या किंवा दहावीच्या पुस्तकात, ‘दोनाचा क्ष घात बरोबर बत्तीस’च्या खालोखाल, हा प्रश्न घालावा. एका शेतकऱ्यानं सावकाराकडून शेकडा तीन दरानं एक लाख रुपये घेतले. तो न चुकता दरमहा तीन हजार रुपये भरतो. तर त्याचं कर्ज किती महिन्यांत फिटेल? गुण पाच. लॉग टेबल वापरण्यास परवानगी आहे.