गौरीचे माहेर

आज घरोघर गौरी येतील. कोकणात पुष्कळ घरी तेरड्याची मुळासकट आणलेली रोपे हीच गौर मानतात, आणि कळलावीच्या ज्वाळेसारख्या फुलांना तिकडे ‘गौरीचे हात’ असेच नाव आहे. गणपतीला वाहावयाचा आघाडा किंवा रुई तरी कोण मुद्दाम लावतो? हे पूजाद्रव्य आजवर पुरविले ते गावच्या वाटेच्या कडेने, गडग्याने आणि चराने.

रस्ते रुंद होण्यास आमचा विरोध नाही, एस.टी. वेळेवर पोचावी, असे आम्हांसही वाटते. परंतु रुंदीकरणात दोहों बाजूंची मूळची माती खरवडली जाते व वर मुरूम पडतो. त्या उघड्या जागेचा ताबा प्रथम घेते ते गाजरगवत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले हे परके तण आज कोठे नाही? मागोमाग टणटणी येते. मग दहा-वीस गुलमोहर लावून हिरवळीचा हिशेब पुरा केला जातो.

साइडपट्ट्यांवरील गवत वळणावर कापलेच पाहिजे. समोरचे वाहन दिसावयास हवे. पण सरळ रस्त्यालगत, चरापलीकडचे तेरड्याचे ताटवे ऐन भाद्रपदात का छाटावे? तेरडा एका पावसाळ्याचा सोबती. त्याचे पिकलेले बोंड तडकून बी आपणच उडविते (बोटाने ते फोडण्याचा खेळ आमच्या अनेक वाचकांना आठवत असेल). बी धरण्याआधी कोयता फिरला, तर पुढल्या वर्षी तेथे गौर उगवावयाची कशी? कळलावी कंदातून पुन्हा फुटते खरी, पण यंत्राने कंदच उखडला की तीही गेली.

दोष केवळ ठेकेदाराचा नाही. पत्रीच्या नावाखाली बाजारात येणाऱ्या जुड्यांत पुष्कळदा हाताला लागेल तो पाला असतो, आणि आपण तो न पाहताच वाहतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये ग्रामपंचायतींना जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची व लोक जैवविविधता नोंदवही करावयाची असते. त्या नोंदवहीत रानाबरोबर रस्त्याची कडही यावी आणि चरापलीकडची कापणी कार्तिकापर्यंत थांबवावी, असे पंचायतीने बांधकाम खात्यास लेखी कळवावे. गौर आणावयास निघालेल्या माहेरवाशिणींनीही ताटव्यातली चार रोपे घ्यावीत. बाकीची बोंडे तडकेपर्यंत उभी राहू द्यावीत.