खिडकी डावीकडची की उजवीकडची?

पाचोऱ्यातल्या आमच्या शेजारच्या खाला उमऱ्याला निघाल्या आहेत. बॅगा भरून झाल्या, नातेवाइकांकडच्या दावती झाल्या. परवा त्यांचा मुलगा मोबाइलवर विमानातल्या जागा निवडायला बसला, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "बेटा, मक्का शरीफ कोणत्या बाजूला दिसेल? मला त्याच बाजूची खिडकी पाहिजे."

रेल्वेचे रूळ ठरलेले असतात. पाचोऱ्याहून मुंबईला जाताना कसारा घाटातली दरी कोणत्या खिडकीतून दिसेल, हे नेहमीचा प्रवासी सांगू शकतो. विमानाचे तसे नसते, पण थोडा अंदाज नक्की देता येतो.

मुंबईहून विमान बहुतेक वेळा पश्चिमेकडे, समुद्रावर उडते. तेव्हा उजवीकडे वर्सोवा-मढचा किनारा असतो, डावीकडे वांद्रे-वरळीची बाजू. मग बराच वेळ फक्त अरबी समुद्र. त्यापुढचे अरबस्तानचे वाळवंट दोन्ही बाजूंनी सारखेच. हिवाळ्यात दिवसाचे विमान असेल तर ऊन डावीकडून येते, म्हणून उजवी बाजू बरी. पंखाजवळची रांग मात्र टाळावी, तिथून खाली पंखच दिसतो.

आता खालांचा प्रश्न. मक्का शरीफवरून विमाने नेत नाहीत. जेद्दा आणि मक्का यांत सुमारे 80 किलोमीटरचे अंतर आहे. विमान मक्केच्या उत्तरेकडून जेद्द्याला वळले तर मक्का डाव्या हाताला राहते, दक्षिणेकडून वळले तर उजव्या. कोणत्या दिशेने उतरायचे, हे त्या वेळचा वारा पाहून ठरते. त्यामुळे मक्का दिसेलच, असे कोणी सांगू शकत नाही. मी खालांना म्हटले, "मुंबईहून जेद्द्याला जाताना किबला ना डावीकडे असतो ना उजवीकडे, तो जवळजवळ सगळी वाट समोरच असतो." त्या हसल्या.

खिडकीपेक्षा मोठी काळजी मीकातची आहे. 1995 पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजे जात. जहाज हळू चाले, यलमलमची मीकात येण्याआधी गुसल करून एहराम बांधायला भरपूर वेळ मिळे. विमान मिनिटाला 13-14 किलोमीटर कापते. खाली कुठली रेघ आखलेली नसते, त्यामुळे मीकात खिडकीतून कळत नाही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत ठेवल्या आणि ती बॅग काउंटरवरच जमा झाली. विमानात घोषणा झाली तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत होते. मीकात एहरामविना ओलांडली गेली आणि पुढे त्यांना दम, म्हणजे बकऱ्याची कुर्बानी, द्यावी लागली.

म्हणून पुरुषांनी एहरामच्या चादरी मुंबईतच नेसून घ्याव्यात, निदान हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. स्त्रियांचा नेहमीचा साधा पोशाख चालतो. नियत आणि तलबिया मीकातच्या थोडे आधीच करावी, घोषणेची वाट पाहत बसू नये. विमान थेट मदिन्याला जाणार असेल तर लगेच एहरामची गरज नसते. मदिन्याहून मक्केला निघताना तो जुल हुलैफा, म्हणजे अब्यार अली इथे बांधतात. शंका असेल तर निघण्यापूर्वी आपल्या मौलानांना विचारून घ्यावे.

राहिली जागेची गोष्ट. गुडघे दुखणाऱ्या, वुजूसाठी वारंवार उठावे लागणाऱ्या वडीलधाऱ्यांना वाटेकडची जागाच सोयीची. साडेपाच तास खिडकीशी अडकून बसले की पाय सुजतात आणि उठताना दोघांना ओलांडावे लागते. शेवटी खालांसाठी वाटेकडची जागा घेतली, खिडकी नातवाला. मक्केचे दिवे दिसले तर दादीला लगेच हाक मारायची, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.

अल्लाह सर्वांचा सफर आसान करो आणि कबूल करो. आमीन.