कच्चा गणपती, कच्चा गेम

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ, रोह्यात धो धो पाऊस, आणि मावसभावाच्या खोलीत आम्ही दोघं अंतराळात. चाळीस मिनिटं उडून आमचं यान एका लाल ग्रहाजवळ पोहोचलं होतं. दादाने वेग कमी केला, यान सरळ केलं आणि तळावर अगदी अलगद टेकवलं. मी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच सेकंदाला ते यान तळाच्या फरशीतून आरपार खाली गेलं. थेट ग्रहाच्या पोटात! चारी बाजूंनी काळोख. मग गेम हँग झाला आणि समोर आला नुसता डेस्कटॉप.

तेवढ्यात मावशी भजी घेऊन आली. म्हणाली, "एवढा मोठा टीव्ही घेतलास आणि त्यावर काळोखच बघत बसता?"

"आई, तो मॉनिटर आहे. आणि गेम अजून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आहे. पुढच्या अपडेटमध्ये नीट होईल."

"मग पैसेही पुढच्या अपडेटलाच द्यायचे होते," असं म्हणून मावशी ताटली ठेवून गेली.

मी मास कॉम केलंय, सध्या इंटर्नशिप करतेय, दिवसभर मथळे आणि बातम्या यांच्यातच असते. पण इतकं नेमकं वाक्य मला जमलं नसतं. पेणला परतताना दिवा गाडीत निडी, नागोठणे, कासू अशी स्टेशनं मागे जात होती आणि डोक्यात तेच वाक्य फिरत होतं. गेमचं नाव मी मुद्दाम सांगत नाहीये. असा एखादा गेम तुमच्याही लायब्ररीत असेल, आणि तुम्हीही कुणाला तरी 'पुढच्या अपडेटमध्ये होईल' असं सांगितलं असेल.

आधी दादाची बाजू मांडते, कारण ती खरी आहे. हे गेम ज्याने खेळले नाहीत त्याला त्यातलं वेड कळणार नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चं 'विक्रम' उतरलं, तेव्हा आपण सगळे श्वास रोखून स्क्रीनकडे बघत होतो. त्याआधी २०१९ मध्ये शेवटच्या टप्प्यात संपर्क तुटला होता, तेही आठवत होतं. ते उतरवणं इतकं अवघड का, हे स्पेस सिम्युलेशन खेळताना हाताला कळतं. ब्रेक मारला की गाडी थांबते, पण तिथे ब्रेकच नसतो. जेवढा जोर लावून निघालात तेवढाच उलटा जोर लावून थांबायचं. इंधन संपलं तर संपलं. फिजिक्समध्ये जेमतेम पास झालेला माझा भाऊ आता मला कक्षा म्हणजे काय हे पेनाने वहीवर काढून दाखवतो.

आणि हे सगळं अल्ट्रावाइड मॉनिटरवर बघणं म्हणजे काय सांगू! साधा मॉनिटर १६:९ असतो, हा २१:९. चौतीस इंच. कॉकपिटमध्ये बसलं की डावीउजवीकडच्या खिडक्याही नजरेच्या टप्प्यात येतात. एका कडेने ग्रह उगवतो आणि सावकाश दुसऱ्या कडेपर्यंत सरकत जातो. बाहेर पाऊस, खोलीतला दिवा बंद, आणि समोर तो ग्रह. दोन मिनिटं आम्ही काहीच बोललो नव्हतो.

पण याच मॉनिटरवर गेमचा कच्चेपणा जास्त दिसतो. साधं गणित बघा. १९२० बाय १०८० म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल. ३४४० बाय १४४० म्हणजे ४९.५ लाख. ग्राफिक्स कार्डला दर फ्रेमला जवळपास अडीचपट ठिपके रंगवायचे. पूर्ण झालेल्या गेममध्ये हा भार कमी करण्यासाठी शेवटचे कित्येक महिने मेहनत घेतलेली असते. अर्धवट गेममध्ये ते काम बहुतेक वेळा शेवटासाठी ठेवलेलं असतं, त्यामुळे भारी कार्डसुद्धा धापा टाकतं. नकाशा एका कोपऱ्यात, इंधनाचा काटा दुसऱ्या कोपऱ्यात, दोन्ही बघायचे तर मान फिरवा. मेन्यू ताणलेला. कडेचे ग्रह गोल न दिसता अंड्यासारखे. मध्येच एखादा प्रसंग सुरू झाला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. म्हणजे जास्तीच्या ज्या स्क्रीनचे पैसे मोजले, तीच बंद!

ते पैसे आले कुठून? दादा धाटाव एमआयडीसीत अ‍ॅप्रेंटिस आहे. स्टायपेंड साठवून साठवून २०२५ च्या जुलैमध्ये त्याने मॉनिटर घेतला. तेव्हा ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबरपासून तो १८ टक्के झाला. दोन महिने थांबला असता तर वाचले असते. पण थांबणं हा आमच्या पिढीचा गुण नाही, आणि अर्ली अ‍ॅक्सेसचा सगळा धंदा यावरच उभा आहे.

स्टीमने ही सोय मार्च २०१३ मध्ये सुरू केली. कल्पना चांगली होती. छोट्या टीमकडे पैसे नसतात, तर अर्धवट गेम आधी विका, खेळणाऱ्यांकडून चुका समजून घ्या आणि गेम पूर्ण करा. यातून खरोखर सोनं निघालंय. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' मेक्सिकोतल्या एका छोट्या टीमने २०११ पासून कच्च्या अवस्थेत लोकांच्या हातात दिला आणि एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण केला. 'हेडीज' २०१८ च्या डिसेंबरात कच्चा आला आणि २०२० मध्ये पूर्ण झाला. 'बाल्डर्स गेट ३' तीन वर्षं अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये होता. त्यामुळे 'कच्चा गेम घेणारे मूर्ख' असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन.

दुसरी बाजूही आहे. याच 'कर्बल'चा दुसरा भाग २०१९ मध्ये जाहीर झाला, तेव्हा २०२० मध्ये येणार होता. आला २०२३ च्या फेब्रुवारीत, तोही अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, आणि किंमत ५० डॉलर. दुसऱ्या ताऱ्यांपर्यंतचा प्रवास, वसाहती, मित्रांसोबत खेळणं, हे सगळं 'नंतर' मिळणार होतं. २०२४ मध्ये बनवणाऱ्या टीमवरच गदा आली, अपडेट थांबले, आणि ते 'नंतर' कधी आलंच नाही. गेम मात्र त्यानंतरही विक्रीला होता.

मग 'स्टार सिटिझन'. या जातीच्या गेमचा बाप. 'विंग कमांडर' बनवणाऱ्या क्रिस रॉबर्ट्सने २०१२ मध्ये लोकांकडे पैसे मागितले आणि २०१४ मध्ये गेम देतो म्हणाला. आज त्या प्रकल्पात लोकांचे ७० कोटी डॉलरहून जास्त जमा झालेत, आणि खेळायला मिळतो तो अजून अल्फाच. २०१२ मध्ये आठवीत असलेली पोरं आज नोकरीला लागलीत. तिथे यानं खऱ्या पैशांत विकली जातात. काही यानं तर नुसती चित्रात असताना विकली गेली, म्हणजे उडवायची सोडाच, आत बसायचीही सोय नसताना. हेही खरं की त्यांचं काम थांबलेलं नाही, आणि हजारो लोक तो गेम आजच्या अवस्थेतही आवडीने खेळतात. पण 'अल्फा' हा शब्द इतकी वर्षं ताणला की तो सूचना राहत नाही, सबब होतो. कुणी तक्रार केली की उत्तर तयार असतं, 'अहो, अल्फा आहे ना!'

आपल्याला हा प्रकार अनोळखी नाही म्हणा. पेण-रोह्याच्या माणसाला अर्धवट कामाबरोबर जगणं काय शिकवायचं? मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर काम २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतर किती तारखा ऐकल्या, हे आमच्या एसटीच्या खिडकीला विचारा.

पण पेणनेच मला याचं उत्तरही दाखवलं. आमच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे. पेण, हमरापूर, जोहे या भागातून दरवर्षी हजारो मूर्ती बाहेर जातात, आणि त्यातल्या कितीतरी कच्च्या जातात. म्हणजे रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही, नुसती पांढरी मूर्ती. मुंबईपुण्याचे व्यापारी त्या घेऊन जातात आणि रंगकाम तिकडे करतात. अर्धवट मालाची विक्रीच आहे ही! मग इथे कुणी फसल्याची तक्रार का करत नाही?

कारण एक, कच्च्या मूर्तीला सगळे कच्चीच म्हणतात. दोन, तिची किंमत कच्च्या मूर्तीचीच असते. रंगवल्यावर ती किती सुंदर दिसेल याचे पैसे कुणी आधी लावत नाही. आणि तीन, समोर चतुर्थीची तारीख असते. ती कुणासाठी हलत नाही. लाईट जाऊ दे, पाऊस पडू दे, मूर्ती वाळू दे नाहीतर नको, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणपती पाटावर हवा म्हणजे हवा. कारखान्यातले काका श्रावणात रात्र रात्र जागतात ते म्हणूनच.

कच्चा गेम विकायला माझी हरकत नाही. हे तीन नियम पाळा आणि खुशाल विका. नाव कच्च्याचं, किंमत कच्च्याची, आणि समोर कुठलीतरी चतुर्थी. आज बहुतेक ठिकाणी पहिला नियम पाळला जातो, तोही बारीक अक्षरात. दुसरा क्वचित. तिसरा जवळपास नाहीच.

कंपन्या आपलं ऐकून सुधारतील असं मला वाटत नाही. पण पाकीट आपलं आहे. म्हणून तुमच्यापुढे चार गोष्टी ठेवते. पटल्या तर बघा.

पहिली, आज जे आहे तेवढ्याचेच पैसे द्या. 'उद्या अपडेट बंद झाले, तर आज मिळतंय त्यात माझे पैसे वसूल झाले का?' एवढं विचारा. उत्तर 'हो' असेल तर बिनधास्त घ्या. आमच्या स्वप्नांचा रोडमॅप कितीही रंगीत असला तरी तो खेळता येत नाही.

दुसरी, अपडेटचा इतिहास बघा. गेल्या सहा महिन्यांत खरंच काय आलं? बारा महिन्यांहून जास्त काळ अपडेट नसलेल्या अर्ली अ‍ॅक्सेस गेमच्या पानावर २०२५ पासून स्टीम तशी सूचना दाखवतं. ती वाचा.

तिसरी, परतीची खिडकी लक्षात ठेवा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. पण स्पेस सिममध्ये दोन तास तर बटणं लावण्यात आणि सराव करण्यात जातात. घड्याळ लावून बसा. आधी उडवा, मग सजवा.

चौथी, गेमसाठी मशीन घेऊ नका. अल्ट्रावाइड मॉनिटर सुंदर आहे, प्रोजेक्टला, एडिटिंगलाही कामाला येतो. पण जो गेम अजून पूर्ण झालेला नाही, त्याच्यासाठी आजच तीस-चाळीस हजार घालणं म्हणजे साखरपुडा ठरायच्या आधी हॉल बुक करणं. गेम पूर्ण होईपर्यंत तोच मॉनिटर स्वस्तही झालेला असेल.

हे सगळं मी दादालाही ऐकवलं. कारण त्या रविवारी भजी संपल्यावर त्याने मला एक पान दाखवलं होतं. 'सपोर्टर पॅक'. त्यात एक मोठं मालवाहू यान, चित्र झकास, खाली लिहिलेलं 'लवकरच'. किंमत त्याच्या जवळपास अर्ध्या महिन्याच्या स्टायपेंडएवढी. मी म्हटलं, "दादा, हे यान कुठाय?" तो म्हणाला, "बनतंय." मी म्हटलं, "मग स्टायपेंडचंही 'बनतंय' असं सांग त्यांना." आमचं भांडण झालं. त्याचं म्हणणं होतं, "आपण पैसे दिले नाहीत तर हे बनणार कसं? तुला फुकट इंटर्नशिप चालते, मग मी एखाद्या स्वप्नाला पैसे दिले तर काय बिघडलं?" हे मला लागलं. खोटं सांगत नाही, अजून लागतंय. अर्धवट अवस्थेत राबून पुढच्या वचनावर जगणं मलाही माहीत आहे. फरक एवढाच की माझा कच्चा लेख वाचकाला कुणी विकत नाही. तो आधी डेस्कवरून तीनदा परत येतो.

शेवटी त्याने पॅक घेतला नाही. रागाने असेल किंवा मावशीला घाबरून असेल. त्याऐवजी आम्ही यान फरशीतून पडतानाचा व्हिडिओ रेकॉर्ड केला, कुठला तळ, कुठलं यान, वेग किती, सगळं नीट लिहिलं आणि बग रिपोर्ट पाठवला. कच्चा गेम घेतलाच आहे तर एवढं काम आपलंही आहे. नुसत्या शिव्या घालून काही दुरुस्त होत नाही.

परवा दादाचा फोन आला. अपडेट आला होता आणि दुरुस्त झालेल्या चुकांच्या यादीत आमचा तळ होता. यान आता फरशीवर टिकतं.

"मग उतरलास का ग्रहावर?" मी विचारलं.

"नाही ना! आता यानाचा दरवाजाच उघडत नाहीये."