दारच ठेवू नका

हिंजवडीतल्या एका छोट्या टीमचं पत्र या आठवड्यात आलं. डेव्हलपरांना स्टेजिंगपर्यंत पोचता यावं म्हणून त्यांनी भाड्याच्या एका सर्व्हरवर दोन कंटेनर चालवले होते, एक वायरगार्डचा आणि एक स्क्विड प्रॉक्सीचा. यूएफडब्ल्यू चालू होतं आणि त्यात एसएसएच आणि वायरगार्डचं ५१८२० एवढीच पोर्ट उघडी होती. फायरवॉल आहेच, म्हणून स्क्विडच्या कॉन्फिगमध्ये येईल त्याला मुभा. मग एक दिवस बँडविड्थचं बिल फुगलं. पाठोपाठ सर्व्हर देणाऱ्यांची तक्रार आली की तुमच्या आयपीवरून लोकांच्या लॉगिन पानांवर मारा चालू आहे. यूएफडब्ल्यूला विचारलं तर ते अजूनही सांगत होतं, ३१२८ बंद आहे. बाहेरून बघितलं तर ते सताड उघडं.

पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, ‘आमचं काय चुकलं?’ या प्रश्नाने मला फार अस्वस्थ केलं, कारण शहाणा माणूस जे करेल तेच त्यांनी केलं होतं. आणि हा घोटाळा दहा वर्षांहून जुना आहे. डॉकरच्या स्वतःच्या कागदपत्रांत तो स्पष्ट लिहिलेला आहे. तरीही दर काही महिन्यांनी नवी टीम त्याच खड्ड्यात पडते, आणि आपण तिलाच ‘नीट वाचायला हवं होतं’ असं सुनावतो.

कारण थोडक्यात सांगतो. यूएफडब्ल्यूचे नियम ‘इनपुट’ चेनवर बसतात, म्हणजे खुद्द होस्टसाठी आलेल्या पॅकेटवर. पण तुम्ही कंपोज फाइलमध्ये ३१२८:३१२८ अशी ओळ लिहिलीत की डॉकर त्याच्याही आधी, ‘प्रीराउटिंग’मध्ये, पॅकेटचा पत्ता बदलून कंटेनरचा करतो. पॅकेट आता होस्टचं राहत नाही, ‘फॉरवर्ड’ चेनने निघून जातं. ‘इनपुट’वरचा पहारेकरी जागा असतो, पण त्याच्यासमोरून कोणी जातच नाही. मोठ्या क्लाउडवर बाहेर सिक्युरिटी ग्रुपचं वेगळं कवच असल्यामुळे ही चूक झाकली जाते. साध्या भाड्याच्या सर्व्हरवर अनेकदा तेही नसतं.

उघडी प्रॉक्सी म्हणजे नुसता बँडविड्थचा तोटा असता तर मी एवढा उसळलो नसतो. ही प्रॉक्सी स्टेजिंगच्या जाळ्यात उभी आहे. बाहेरच्या माणसाने तिला ‘मला तुमच्या आतल्या डेटाबेसच्या पॅनेलवर ने’ म्हटलं तर ती नेते. क्लाउडवर असाल तर १६९.२५४.१६९.२५४ या मेटाडेटाच्या पत्त्यावर ने म्हटलं तर तिथेही नेते, आणि तिथे पुरेशी काळजी घेतलेली नसेल तर त्या यंत्राला दिलेले अधिकारच परक्याच्या हातात पडतात. घरात शिरायला जे आपल्या लोकांसाठी बांधलं, तेच सगळ्या जगाला आत घेऊन आलं.

गेली काही वर्षं मी इथे एकच गोष्ट लावून धरली आहे: भरवसा नियमावर नको, रचनेवर ठेवा. ‘प्रिव्हिलेज्ड’ कंटेनरवरच्या माझ्या जुन्या लेखावर नाराज झालेल्या वाचकांनी तेव्हा विचारलं होतं की नियम आणि रचना यांत एवढा फरक तो काय. तो दाखवायला दोन मांडण्या शेजारी शेजारी ठेवतो.

पहिली सगळीकडे दिसते. व्हीपीएनचा एक कंटेनर असतो, त्याला नेट-अ‍ॅडमिनचा अधिकार आणि टन उपकरण दिलेलं असतं. बाकीचे कंटेनर, म्हणजे प्रॉक्सी, टेस्ट चालवणारा, स्क्रेपर, हे सगळे त्याच्याच नेटवर्क नेमस्पेसमध्ये राहायला येतात. ग्लूटनसारखी तयार इमेज घेतली की हे काम झटकन उभं राहतं, आणि ग्लूटन काळजीपूर्वक लिहिलेलं आहे, मी स्वतः ते अनेकांना सुचवलंय. पण त्या नेमस्पेसच्या आत नजर टाका. तिथे दोन वाटा आहेत: डॉकरच्या ब्रिजवर जाणारा ईथ-झीरो आणि बोगद्यात जाणारा टन-झीरो. ट्रॅफिक बोगद्यातूनच जावं, बोगदा पडला तर ईथ-झीरोवरून निसटू नये, हे आयपीटेबल्सचे नियम सांभाळतात. त्यालाच सगळे किल-स्विच म्हणतात. म्हणजे दुसरी वाट आहेच, फक्त तिला कुलूप लावलंय. कोणी हाताने एक नियम जोडला, कोणी कॉन्फिगमध्ये आतल्या नेटवर्कसाठी सवलत दिली आणि तिची रेंज चुकून मोठी लिहिली, की कुलूप निघालं. निघाल्याचं कोणाला कळत नाही, कारण सगळं नीट चालू राहतं. किंबहुना जरा वेगाने चालतं.

दुसरी मांडणी कमी लोकांना माहीत आहे. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत आलं, तेव्हा त्याचा वेग आणि चार हजार ओळींच्या आसपासचा त्याचा आटोपशीर कोड यांचीच चर्चा झाली. त्याचा सगळ्यात मोलाचा गुण मात्र वायरगार्ड लिहिणाऱ्या जेसन डोनेनफेल्ड यांनी केलेल्या एका निर्णयात आहे. वायरगार्डचा इंटरफेस ज्या नेमस्पेसमध्ये जन्मतो, ती त्याच्या लक्षात राहते. नंतर त्याला दुसऱ्या नेमस्पेसमध्ये हलवा, तरी कूटबद्ध यूडीपी पॅकेट तो जन्मगावातूनच बाहेर पाठवतो. मग काय करता येतं? इंटरफेस होस्टवर तयार करायचा आणि कंटेनरच्या रिकाम्या नेमस्पेसमध्ये नेऊन ठेवायचा. कंटेनरच्या आत आता फक्त लूपबॅक आणि डब्ल्यूजी-झीरो. ईथ-झीरो नाहीच. बोगदा पडला तर कंटेनर मुका होतो, निसटायला त्याच्याकडे दुसरी वाटच नसते. किल-स्विच लिहावा लागत नाही, नेट-अ‍ॅडमिन द्यावा लागत नाही, टन उपकरण द्यावं लागत नाही. कोणी आत घुसून रूट झाला तरी त्याच्या हाती तेवढीच एक वाट. आणि स्क्विड अशा नेमस्पेसमध्ये बसवला तर हिंजवडीतल्या टीमची चूक करायची ठरवूनही करता येत नाही, कारण पोर्ट बाहेर काढायला डॉकरच्या ब्रिजशी जोडणीच शिल्लक नाही. प्रॉक्सी ऐकते ती फक्त बोगद्यातल्या पत्त्यावर, आणि तिथे पोचतो तो फक्त ज्याच्याकडे चावी आहे तो. इथे कुलूप उघडं राहण्याचा प्रश्नच नाही, कारण दाराच्या जागी भिंत आहे.

हा नुसता तात्त्विक फरक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी मे २०२४ आठवावा. लेव्हायथन सिक्युरिटीच्या संशोधकांनी टनेलव्हिजन नावाचा दोष तेव्हा मांडला. डीएचसीपीमध्ये १२१ क्रमांकाचा एक पर्याय आहे, २००२ पासून प्रमाणित. त्याने नेटवर्क चालवणारा तुमच्या लॅपटॉपला जादा रूट देऊ शकतो. व्हीपीएनचा रूट ‘सगळं इकडून’ म्हणतो, हा नवा रूट ‘एवढे पत्ते तिकडून’ म्हणतो, आणि राउटिंगमध्ये नेमका रूट नेहमी जिंकतो. कॅफेच्या वायफायवर बसलेल्या डेव्हलपरचं व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवत राहतं आणि ट्रॅफिक उघड्यावरून जातं. फायरवॉलचे नियम यावर अर्धवट उपाय होते. पुरता उपाय म्हणून संशोधकांनी सुचवली ती लिनक्सची नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे होस्टच्या राउटिंग तक्त्यात कोणीही काहीही लिहिलं तरी ज्याला ते दिसतच नाही अशी जागा. हे मी तेव्हा इथे आनंदाने लिहिलं होतं, आजही तेवढ्याच आनंदाने लिहितो.

आणखी एक दाखला त्याच जातीचा आहे. ‘लोकलहोस्टवर बांधा, १२७.०.०.१:३१२८ असं लिहा’ हा सल्ला आपण सगळे देतो, आणि तो योग्यच आहे. पण डॉकरच्या २८ व्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीपर्यंत, त्याच नेटवर्क सेगमेंटवरचा शेजारी सर्व्हर नीट रूट लावून लोकलहोस्टवर बांधलेल्या पोर्टपर्यंतही पोचू शकत होता. भाड्याच्या सर्व्हरवर शेजारी कोण आहे ते आपण निवडत नाही. तिथेही नियमच होता, आणि तोही गळत होता.

या दुसऱ्या मांडणीची किंमत मी लपवणार नाही. कंपोज फाइलमध्ये ती एका ओळीत लिहिता येत नाही. इंटरफेस हलवायला होस्टवर सिस्टमडीचं युनिट किंवा छोटी स्क्रिप्ट लागते. कंटेनर मेला की त्याची नेमस्पेस जाते आणि तिच्याबरोबर इंटरफेसही जातो. यावर उपाय कुबरनेटिसने केव्हाच दाखवलाय: प्रत्येक पॉडमध्ये काहीही न करणारा एक ‘पॉज’ कंटेनर असतो, नेमस्पेस धरून बसणं एवढंच त्याचं काम. आपणही तसा एक चिमुकला कंटेनर ठेवायचा आणि बाकीच्यांना त्याच्या आधाराने उभं करायचं. पहिल्या मांडणीतही हेच दुखणं आहे, हे विसरू नका. व्हीपीएनचा कंटेनर नव्याने तयार झाला की त्याच्या नेमस्पेसवर जगणारे बाकीचे कंटेनर जुन्या, मेलेल्या नेटवर्कला धरून बसतात आणि डेव्हलपर ‘इंटरनेट गेलं’ म्हणून ऑन-कॉलवाल्याला रात्री उठवतो.

दोन किरकोळ गोष्टी, ज्या दर आठवड्याच्या पत्रांत असतात. छोटी विनंती जाते पण मोठी फाइल किंवा टीएलएसची सुरुवात लटकते, अशी तक्रार असेल तर आधी एमटीयू बघा. वायरगार्डचा १४२० आणि डॉकरच्या ब्रिजचा १५०० यांचं पटत नाही. आणि कर्लला सॉक्स प्रॉक्सी देताना ‘सॉक्स५’ न लिहिता ‘सॉक्स५एच’ लिहा. पहिल्यात नावाचा पत्ता तुमच्या लॅपटॉपवरच शोधला जातो, म्हणजे स्टेजिंगच्या यंत्रांची नावं कॅफेच्या डीएनएसला कळतात.

आता माझा जुना आग्रह, जो काही वाचकांना कंटाळवाणा वाटतो. रचना कितीही चांगली असली तरी चावी कोणाकडे आहे हे लिहून ठेवणारा माणूस नेमा. ओपनव्हीपीएनच्या प्रमाणपत्राला निदान मुदत असते. वायरगार्डच्या चावीला मुदत नसते. पिअरची ओळ फाइलमध्ये आहे तोवर ती चालते, आणि त्या ओळीत माणसाचं नावही नसतं. कंटेनर आपण रोज नवा बांधतो, आणि त्याच्यात माउंट केलेली पिअरची फाइल मात्र कंपनी सोडून गेलेल्यांनाही वर्षानुवर्षं आत घेत राहते. मे २०२१ मध्ये टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत जाणारी कोलोनियल पाइपलाइन बंद पडली आणि ७५ बिटकॉइनची खंडणी द्यावी लागली, ती अशाच एका जुन्या व्हीपीएन खात्यामुळे. ते वापरात नाही असं समजलं जात होतं आणि त्याच्या लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरा घटक नव्हता. माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या लहान कंपन्यांत असं एक तरी खातं आज जिवंत आहे. एचआरच्या निरोपाच्या यादीत लॅपटॉप आणि ओळखपत्र असतं. तिथे पिअरची ओळ यायलाच हवी.

लॉगचंही तसंच. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत ग्राहकांची नोंद ठेवण्याची जी सक्ती आहे, तिच्यातून कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनला नंतरच्या खुलाशात वगळलं गेलं, म्हणून बऱ्याच जणांनी तो कागद बाजूला ठेवला. पण १८० दिवसांचे लॉग आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणं या अटी कायम आहेत. डॉकरचा नेहमीचा लॉग कंटेनरबरोबर राहतो आणि कंटेनर काढला की पुसला जातो. हिंजवडीच्या टीमने तक्रार आल्यावर घाईघाईत स्क्विडचा कंटेनर काढून नवा उभा केला. प्रॉक्सीतून कोण आलं, कुठे गेलं, हे सांगणारा एकमेव पुरावा त्यांनी स्वतःच्या हाताने मिटवला. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात वाईट वाटलं ते इथे. लॉग पहिल्या दिवसापासून दुसऱ्या यंत्रावर पाठवा.

डॉकर चालवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. ३१२८:३१२८ लिहिलं तर त्याचा अर्थ ‘फक्त या यंत्रावर’ असा घ्या. ज्याला जगासमोर जायचंय तो तसं स्पष्ट लिहील. ते होईपर्यंत ज्यांना आज काही करायचंय त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: डेमनच्या कॉन्फिगमध्ये ‘आयपी’ला लोकलहोस्ट दिलं तर ते फक्त डॉकरच्या मूळ ब्रिजला लागू होतं. कंपोज स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवतं, त्याला ते लागू होत नाही. तिथे ब्रिजचा होस्ट-बाइंडिंगचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. जास्तीचे नियम हवेच असतील तर ते ‘डॉकर-यूजर’ चेनमध्ये लिहा, यूएफडब्ल्यूत नाही. आणि पोर्ट बंद आहे की नाही ते त्याच सर्व्हरवर बसून तपासू नका. ऑफिसचं वायफाय सोडा, मोबाइलच्या नेटवर्कवर या आणि बाहेरून त्या पोर्टवर हाक मारून बघा.