लोखंडी सोंडेची ताकद

गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. तुमच्यापैकी काही जण सहलीला तिथे जाऊनही आले असतील. एके काळी जंगलातले सागाचे ओंडके वाहायला हत्तीच लागत. आता असली ओझ्याची कामं बहुतेक यंत्रं करतात. धानाच्या बांधीत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरला पुढून दोन लोखंडी हात आणि एक बकेट जोडली, की तोच ट्रॅक्टर शेणखत भरतो, बोडीतला गाळ उचलतो. या जोडणीला म्हणतात फ्रंट लोडर.

हे हात हलवतं कोण? दोरी नाही, साखळी नाही. हलवतं ते तेल!

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचला असेल. १७९५ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा यांनी याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. तुम्हीही करून पाहा. सुई नसलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या, एक लहान, एक मोठी. दोन्हींत पाणी भरा आणि मध्ये हवा न ठेवता बारीक नळीनं जोडा. लहान सिरिंजचा दट्ट्या दाबा. मोठीचा दट्ट्या वर येईल. सावकाश, पण जास्त जोरानं.

आता थोडं गणित. समजा, लोडरला दोन जॅक आहेत. प्रत्येकाच्या दट्ट्याचा व्यास ६ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो. मग दोघांचा मिळून जोर झाला सुमारे ८४०० किलो! पण थांबा. जॅक बसतो हाताच्या बुडाजवळ आणि बकेट असते दूर टोकाला. ते अंतर पाचपट असेल, तर टोकाला जोर उरतो पाचवा हिस्सा, म्हणजे जेमतेम १७०० किलो. त्यातूनही हातांचं आणि बकेटचं वजन वजा करा.

आणि वेग? तो ठरतो पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो यावर. दट्टे ५० सेंटिमीटर सरकायला दोघांना मिळून २.८ लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला २० लिटर देत असेल, तर हात साडेआठ सेकंदांत वर जातील. लक्षात ठेवा, दाब म्हणजे ताकद आणि लिटर म्हणजे वेग.

लोडर जोडताना मिस्त्री काय काय बघतो? हात वर-खाली करायला दोन नळ्या, बकेट वाकवायला दोन. प्रत्येक जोडीला एक दांडीचा व्हॉल्व्ह. जोडण्याआधी नळ्यांची तोंडं स्वच्छ पुसायची, कारण मातीचा कणसुद्धा पंपाला ओरखडे पाडतो. नवे जॅक आत रिकामे असतात, ते आधी तेल पिऊन घेतात. म्हणून हात तीन-चार वेळा सावकाश हलवून हवा काढायची, बकेट जमिनीला टेकवायची आणि मग तेलाची पातळी पाहून कमी पडलं तेवढं भरायचं.

आणखी एक राखणदार असतो, रिलीफ व्हॉल्व्ह. कुकरच्या शिटीसारखं त्याचं काम. दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला, की तो जादा तेल परत टाकीत सोडतो. "याचा स्क्रू आवळला की जास्त उचलेल," असं कुणी म्हणेलही. खरंच जास्त उचलेल! पण तेल उचलू शकतं, म्हणून ट्रॅक्टर ते पेलू शकतो असं नाही. नळी फुटेल, पुढचा आस वाकेल, नाहीतर मागची चाकं हवेत उठतील. म्हणून स्क्रूला हात लावायचा नाही. मागे पुरेसं वजन बांधायचं आणि भरलेली बकेट खाली ठेवूनच ट्रॅक्टर चालवायचा. धुऱ्यावरून जाताना तर फारच जपून.

आता तुमच्यासाठी तीन पक्के नियम. उचललेल्या बकेटखाली कधीही जायचं नाही, चेंडू गेला तरी नाही. इंजिन बंद असलं तरी दांडीशी खेळायचं नाही. नुसती दांडी हलली तरी हात खाली कोसळू शकतात. आणि नळीतून बारीक फवारा दिसला, तर बोट लावायचं नाही. दाबाचं तेल कातडीत सुईसारखं शिरतं. वरून जखम टाचणीएवढी दिसते, आत मात्र मोठी इजा होते. आईबाबा, असं झालं तर दुखण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

जाता जाता एक प्रश्न. आपल्या लोडरचा पंप मिनिटाला ३० लिटर तेल देऊ लागला, तर हात किती सेकंदांत वर जातील? आणि लोडरची ताकद वाढेल का? कुणालाही न विचारता वहीत मांडून बघा!