शिंगणापूरच्या डोंगरावरचे पतंग

सदर : माळाकाठी

नातेपुत्याची माणसं शिंगणापूरच्या डोंगराकडे बघतात ती चैत्रात, मुंगी घाटातून कावडी चढायला लागल्या की. एरवी तो बोडका डोंगर. पतंगांना विचाराल तर बोडकं आहे ते कालव्याखालचं उसाचं रान.

भारतात पतंगांच्या १०,००० हून जास्त जाती नोंदल्या आहेत. फुलपाखरांच्या सुमारे १,४००. डोंगरावर कोणती जात कुठे राहील हे बघताना अभ्यासक आधी उंची मोजतात. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावर १९६५ साली पतंग मोजले होते, तिथेच २००७ साली पुन्हा मोजले. ४२ वर्षांत ते सरासरी ६७ मीटर वर सरकले होते. हवा तापली, पतंग वर गेले.

आपल्याकडे नुसत्या उंचीवर भागत नाही. शंभूमहादेवाची रांग सह्याद्रीतूनच फुटून पूर्वेला येते. महाबळेश्वर ४,५०० फुटांवर, शिंगणापूर ३,५०० च्या आसपास. पण तिकडे पाऊस ५,५०० मिलिमीटरच्या पुढे, इकडे ५०० ची मारामार. पाऊस बदलला की झाडं बदलतात, झाडांबरोबर अळ्या. पतंग उडून कुठेही जाईल, अंडी मात्र अळीला चालेल अशाच पानावर घालील.

टसरचा पतंग घ्या. सह्याद्रीकडे त्याची अळी ऐनावर वाढते, माळावर बोरीवर. उन्हाळ्यात काटेरी फांदीला राखी रंगाचा, अंड्याएवढा कोष देठाने लोंबत असतो. बोटाने दाबला तरी दबत नाही. पाऊस पडला की आतला जीव तोंडातून द्रव सोडून त्याचं एक टोक मऊ करतो आणि आतून वीतभर पंखांचा पतंग निघतो, प्रत्येक पंखावर एक गोल डोळा. तो काही खात नाही. अळीपणी खाल्लेल्यावर आठवडाभर काढायचा, जोडीदार शोधायचा, संपलं.

खाली उसात खोडकिडा, कांडीकिडा, शेंडेकिडा. ही सगळी पतंगांचीच पोरं. जाती मोजक्या, डोकी बेसुमार. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली महाराष्ट्रात पहिल्यांदा नोंदली गेली ती आपल्याच सोलापूर जिल्ह्यात. एकाच पिकाची सलग रानं तिला आयतीच मिळाली. पतंग म्हणजे कीड, हा समज रानातला आहे. डोंगराचा त्यात काही दोष नाही.

म्हणून डोंगरावरच्या झाडलावणीबद्दल माझी तक्रार आहे. गिरिपुष्प लवकर हिरवं दिसतं, फोटोही चांगला येतो. पण परदेशातून आलेल्या त्या पाल्यावर इथल्या किती अळ्या पोसणार? बोर, हिवर, खैर, चंदन आणि मधलं कुसळी गवत राखलं तरी पुष्कळ झालं. गवत पेटवणं तर आधी थांबवा.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात. नातेपुत्यातल्या शाळा-कॉलेजांनी यंदा तेव्हा एका रात्री तीन ठिकाणी पांढरी चादर आणि दिवा लावावा : कालव्याकाठी, घाटाच्या पायथ्याला आणि शिखरावर. फोटो काढा, वेळ लिहा, आसपासची झाडं लिहा. पतंग मारून डब्यात भरू नका.