सोवळे कान

अलीकडे आमच्या अंबरनाथ-बदलापूर भागात रसिकांची एक नवी जात उदयाला आली आहे. यांच्या दिवाणखान्यात जुन्या अमेरिकन तबकड्या असतात, त्या वाजवायला मुद्दाम मागवलेले यंत्र असते, आणि पाहुण्याच्या हाती चहाचा पेला पडण्यापूर्वी त्याच्या कानी ‘ऱ्हिदम अँड ब्ल्यूज’ पडते. याला माझी मुळीच हरकत नाही. ते संगीत थोरच आहे. रुथ ब्राउनचा आवाज वरच्या पट्टीत जाताना अचानक चिरकतो, तेव्हा जे काळजात होते ते सुरेल गळ्यांच्या दहा मैफलींत होत नाही. माझी हरकत निराळीच आहे. हीच मंडळी चौदा एप्रिलच्या रात्री मागच्या वस्तीतून ढोलकी आणि बेंजो ऐकू आला की खिडक्या लावून घेतात आणि म्हणतात, “काय हा गोंगाट!”

या रसिकांना त्यांच्याच आवडत्या संगीताचा इतिहास कुणी सांगितलेला दिसत नाही. मेमी स्मिथची ‘क्रेझी ब्ल्यूज’ १९२० साली निघाली आणि खपली, तेव्हा अमेरिकेतल्या कंपन्यांना निग्रो गिऱ्हाइकाच्या खिशातही पैसे असतात असा शोध लागला. मग त्यांनी त्या तबकड्यांसाठी दुकानात वेगळी फळी केली आणि तिला नाव दिले ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे सरळ मराठीत ‘त्यांच्या जातीच्या तबकड्या’. १९४९ साली जेरी वेक्सलर नावाच्या एका वार्ताहराच्या सूचनेवरून ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने आपल्या यादीचे ते नाव काढून ‘ऱ्हिदम अँड ब्ल्यूज’ असे केले. तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, सभ्य अमेरिका त्या संगीताला जे म्हणत होती ते शब्द आमच्या रसिकांना पाठ आहेत: गोंगाट, उठवळपणा, बेसूर. फरक इतकाच, की तिकडे ते शब्द आता म्हणायची लाज वाटते.

आमच्याकडेही फळी वेगळीच आहे. भावगीतावर लेख येतात, नाट्यसंगीतावर तर दिवाळी अंकांनी रद्दीवाल्यांचे संसार उभे केले. भीमगीतावर कुणी लिहिलेच, तर ते समाजशास्त्राच्या सदरात. गाण्याचे गाणे म्हणून त्याच्याकडे पाहायचे नाही, असा जणू दंडकच आहे.

आता आवाज मोठा का, ते पाहू. मडी वॉटर्स १९४३ साली मिसिसिपीच्या कापसाच्या मुलुखातून शिकागोला आला. गावाकडची साधी गिटार तिथल्या गर्दीच्या गुत्त्यात ऐकूच जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार हाती घेतली. जाणकार मंडळी या घटनेला क्रांती म्हणतात, आणि ती होतीच. त्याच १९४३ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, मुंबईच्या गिरणीत राबलेला आणि अक्षरे मोठेपणी शिकलेला एक तरुण गाणी लिहू लागला. तो वामनदादा कर्डक. त्यांच्या गाण्याला चाळीच्या आणि झोपडपट्टीच्या गर्दीतून पलीकडच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे होते. मग त्यांच्या हाती लाउडस्पीकर आला, तर त्याला मात्र उपद्रव म्हणायचे? अंबरनाथला काडेपेट्यांचा कारखाना होता, दारूगोळ्याचा आहे. पलीकडे शहाडला रेयॉनचा. या कारखान्यांच्या भोवती घाटावरून, नगरकडून, मराठवाड्यातून आलेली माणसे वसली. ती वस्ती कुजबुजत गाणार नाही. (आजकालच्या डीजेच्या भिंतींचे समर्थन मी करीत नाही. तिथे गाणे नसतेच, नुसती छातीत धडधड असते.)

आणि संगीत म्हणून विचाराल, तर एक जुना सामना कान देऊन ऐका. म्होरक्या ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात. ढोलकी समेवर पोचायच्या आत म्होरक्या एक शब्द आडवा घालतो आणि तीच ओळ तीनदा म्हणतो, तिन्ही वेळा निराळ्या वजनाने. हा सवाल-जवाब निग्रोंच्या प्रार्थनामंदिरात आहे, तिथून ब्ल्यूजमध्ये आला. आमच्याकडे तो तमाशातून सत्यशोधक जलशात, तिथून १९३०च्या आगेमागे भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशात आणि पुढे कव्वालीच्या दुरंगी सामन्यात आला. भीमरावांनी त्या जलशांवर १९७८ साली पुस्तक लिहून ठेवले आहे. संगीतावर लिहिणाऱ्या किती जणांनी ते उघडले?

“पण चाली सिनेमाच्या असतात!” हा आक्षेप मी शंभरदा ऐकला आहे. असतात, पुष्कळदा असतात. रे चार्ल्सने १९५४ साली एका भक्तिगीताची चाल उचलली, देवाच्या जागी बाई आणली, आणि त्यातून ‘आय गॉट अ वुमन’ झाले. धर्मशील मंडळी खवळली. आज त्याच गाण्यापासून ‘सोल’ संगीताचा जन्म मोजतात. त्याने देवळातली चाल गुत्त्यात नेली. आमच्या शाहिरांनी प्रेयसीच्या विनवण्यांची चाल सभेत नेली आणि तिच्यावर माणूसपणाची मागणी बसवली. यातले अवघड काम कोणते, हे ज्याने त्याने ठरवावे. सगळी भीमगीते चांगली आहेत असे मी म्हणत नाही. निम्मी सामान्य आहेत. निम्मी भावगीतेही सामान्य आहेत, आणि त्यांच्यासाठी कुणी खिडक्या लावीत नाही.

खरी गंमत प्रल्हाद शिंद्यांची. आषाढीला ज्यांच्या आवाजाखेरीज महाराष्ट्राची पहाट होत नाही, ते प्रल्हाद शिंदे. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमधली भजनी मंडळे त्यांची विठ्ठलगीते डब्याच्या पत्र्यावर ठेका धरून म्हणतात आणि उभे प्रवासीही मान डोलावतात. याच गळ्याने भीमगीते गायली, कव्वाल्या गायल्या. साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे देऊळ अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली, म्हणजे हा गायक चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या माणसांना त्या उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. हे ध्यानात ठेवून त्यांची आळवणी ऐका. तिच्यातला कंप निराळा कळेल. आम्ही या आवाजाचे दोन तुकडे केले: विठ्ठलाचा आमचा, भीमाचा त्यांचा.

२००४च्या मे महिन्यात वामनदादा गेले. जूनमध्ये रे चार्ल्स गेला आणि जूनमध्येच कल्याणला प्रल्हाद शिंदे गेले. रे चार्ल्सवर त्याच वर्षी मोठा चित्रपट निघाला. आमच्या दोघांवर आमच्या रसिकांनी काय काढले?

पैशांचीही कथा आहे. रुथ ब्राउनच्या तबकड्यांवर ॲटलँटिक कंपनी उभी राहिली, आणि तिला पुढे मोलकरणीचे काम करावे लागले. ती वर्षानुवर्षे भांडली. १९८८ साली कंपनीला जुन्या गायकांचे हिशेब नव्याने करावे लागले आणि त्यांच्यासाठी निधी उभा राहिला. ती भांडू शकली, कारण तबकडीवर तिचे नाव होते. आमच्याकडे कवीचे नाव टिकते ते बहुधा शेवटच्या कडव्यातल्या नाममुद्रेत. वेळ झाला म्हणून ते कडवे गाळले, की कवीही गळाला. तबकड्या फुटल्या, कॅसेटींना बुरशी आली, आणि जुन्या सामन्यांत गायिलेल्या पुष्कळ गोष्टी तर कधी कुठल्या फितीवर उतरल्याच नाहीत.

याच पट्ट्यात दुसरेही एक उखडलेले गाणे आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंध्यांनी भगताची परंपरा आणली, मास्टर चंदरांची गाणी आणली. उल्हासनगरात त्यांच्या वसाहती आणि सुभाष टेकडी यांत अंतर काही मैलांचे नाही. त्यावर लिहायला सिंधी जाणणारा माणूस हवा. मी तो नव्हे.

आता माझी मागणी. कल्याणपासून कर्जतपर्यंतच्या वाचनालयांनी आपापल्या गावातल्या जुन्या गायकांच्या घरी जावे, त्यांच्या वह्या उतरवून घ्याव्यात, कॅसेटी मागून नकला कराव्यात, आणि प्रत्येक गाण्याखाली कवी, गायक व ढोलकीवाला अशी तिन्ही नावे लिहावीत. थंडीतल्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ या गाण्याला द्यावी, आणि ती चौदा एप्रिल किंवा सहा डिसेंबर पाहून देऊ नये. ध्वनिक्षेपकाची चिंता नको. तो ही मंडळी स्वतःचा घेऊन येतात.